गिअरचा दांडा लुळा पडला, म्हणजे गिअरबॉक्स गेला का? जुन्या कॅम्पर व्हॅनचं हे दुखणं समजून घ्या

जुनी ओम्नी किंवा मॅटाडोर घ्यायची, मागच्या सीट काढायच्या, प्लायवूडचा पलंग बसवायचा. सोबत एक शेगडी, पाण्याची टाकी आणि खिडक्यांना पडदे. झाली कॅम्पर व्हॅन तयार. मग गाडी निघते जंगलाकडे. कुणी चंद्रपूरहून मोहर्लीमार्गे ताडोबाच्या बाजूला जातं, कुणी आष्टी, आलापल्ली करत थेट भामरागड गाठतं. रील्समध्ये हे सगळं फार छान दिसतं.

रीलमध्ये दिसत नाही ते असं. चढावर दुसरा गिअर टाकायला हात पुढे जातो, खाली कुठंतरी 'टक्' असा आवाज होतो आणि गिअरचा दांडा एकदम लुळा पडतो. डावीकडे न्या, उजवीकडे न्या, कुठेच अडत नाही. इंजिन सुरू आहे, क्लच दाबला जातोय, पण गाडी पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही.

अशा वेळी बहुतेकांच्या मनात एकच विचार येतो, गिअरबॉक्स गेला. म्हणजे गाडी टो करा, गिअरबॉक्स उतरवा, मोठा खर्च आणि सुट्टीचा बट्ट्याबोळ. पण दांडा असा अचानक लुळा पडतो तेव्हा गिअरबॉक्सच्या आतली चाकं बहुतेक वेळा शाबूत असतात. तुटलेलं असतं ते तुमचा हात आणि गिअरबॉक्स यांना जोडणारं काहीतरी. याच जोडणीला म्हणतात गिअर लिंकेज. तिच्यातला एखादा बुश किंवा पिन गेली, तर ती बदलायचा खर्च गिअरबॉक्सच्या कामापुढे किरकोळ असतो. फक्त तुटलंय कुठं, हे शोधता आलं पाहिजे.

लिंकेज म्हणजे नेमकं काय?

गिअरचा दांडा हलवताना तुमचा हात दोन वेगळी कामं करतो. आधी दांडा डावीकडे-उजवीकडे जातो, म्हणजे कोणत्या गल्लीत शिरायचं ते ठरतं. मग तो पुढे-मागे जातो, म्हणजे त्या गल्लीतल्या दोन घरांपैकी एक निवडलं जातं. पहिला आणि दुसरा एका गल्लीत, तिसरा आणि चौथा पुढच्या गल्लीत, रिव्हर्सची गल्ली वेगळी. या दोन्ही हालचाली गिअरबॉक्सपर्यंत जशाच्या तशा पोहोचवणं, एवढंच लिंकेजचं काम.

सगळ्या गाड्यांना लिंकेज लागतंच असं नाही. महिंद्राच्या जुन्या जीपमध्ये गिअरबॉक्स ड्रायव्हरच्या शेजारीच असतो आणि दांडा थेट त्याच्या डोक्यावर बसतो. मध्ये तुटण्यासारखं फारसं काही नाही.

याच्या अगदी उलट उदाहरण म्हणजे हँडगिअरवाल्या अॅम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी. तिथे दांडा स्टिअरिंगखाली आणि गिअरबॉक्स पार खाली, त्यामुळे मध्ये दांड्यांची साखळीच. ही साखळी झिजली की गिअर अडकायचा. मग जुने ड्रायव्हर बॉनेट उघडायचे, दांड्या हाताने जागेवर आणायचे आणि पुढे निघायचे. त्याला ते बिघाड म्हणतच नसत.

ओम्नीसारखी व्हॅन या दोन्हींच्या मधली. १९८४ मध्ये 'मारुती व्हॅन' म्हणून आलेल्या या गाडीला पुढे ओम्नी हे नाव मिळालं आणि २०१९ पर्यंत ती बनत होती. तिचं ७९६ सीसीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं आणि गिअरबॉक्स त्याच्या मागे. ड्रायव्हरचा हात पुढे आणि गिअरबॉक्स मागे, म्हणून दांड्याची हालचाल जमिनीखालून मागे न्यावी लागते. ती नेणाऱ्या दांडीच्या टोकांना आणि सांध्यांना नायलॉनचे किंवा रबराचे छोटे बुश असतात. सांधे निसटू नयेत म्हणून पिना आणि क्लिपा असतात.

जगातली सगळ्यात प्रसिद्ध कॅम्पर व्हॅन, फोक्सवॅगनची टाइप २, हिचंही दुखणं हेच. १९५० मध्ये जर्मनीत सुरू झालेली ही व्हॅन ब्राझीलमध्ये २०१३ पर्यंत बनत होती. तिचं इंजिन आणि गिअरबॉक्स पार मागच्या टोकाला. गिअरचा दांडा पुढे ड्रायव्हरजवळ. म्हणजे गाडीच्या पोटाखालून जवळजवळ पूर्ण लांबीची दांडी, आणि तिच्या जोडावर एक छोटासा बुश. तो झिजला की गिअर सापडत नाही. म्हणजे चंद्रपूरच्या ओम्नीवाल्याची आणि साओ पाउलोच्या कोम्बीवाल्याची तक्रार सारखीच.

कॅम्परमध्येच हा त्रास जास्त का होतो?

पहिलं कारण, या गाड्या वर्षातले कितीतरी महिने उभ्या असतात. ग्रीस सुकतं, रबर कडक होऊन चिरतं, उंदीर कुरतडतात ते वेगळंच. मग एकदम शे-दोनशे किलोमीटरची सहल निघते आणि वाळलेला बुश फुटतो.

दुसरं कारण, वजन आणि हादरे. पलंग, पेट्या आणि पाण्याची टाकी घेऊन गाडी खड्ड्यांतून जाते तेव्हा इंजिन आपल्या रबरी माउंटिंगवर जास्त हलतं. इंजिनसोबत गिअरबॉक्सही हलतो, पण गिअरचा दांडा गाडीच्या बॉडीला बसवलेला. या दोघांमधली ओढाताण सोसायची लिंकेजने.

तिसरं कारण माणसांनीच तयार केलेलं. पलंग आणि पेट्या बसवताना इंजिनवरचं झाकण किंवा तपासणीची जागा प्लायवूडने कायमची बंद केली जाते. एरवी दहा मिनिटांत दिसणारा सांधा मग अर्धा पलंग उखडल्याशिवाय दिसत नाही. पाण्याच्या टाकीची गळती याच सांध्यांवर झाली, तर पिना गंजतात.

तसंही गाडीच्या रचनेत मोठा बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची मंजुरी लागते. ती घेऊन पलंग बसवत असाल, तर त्याच वेळी लिंकेजच्या वरची फळी नटबोल्टवर उघडणारी ठेवायला सांगा.

इथे आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. झोपून प्रवास करायची गाडी हा या भागात काही रीलवाल्यांनी आणलेला प्रकार नाही. वरोऱ्याजवळ आनंदवन उभं करणाऱ्या बाबा आमटेंना मणक्याच्या आजारामुळे बसता येत नसे. ते एकतर उभे असत, नाहीतर आडवे. १९८५-८६ च्या भारत जोडो अभियानात तरुण मंडळी सायकलवरून कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाली, तेव्हा बाबांनी सोबतच्या गाडीत पलंगावर पडून प्रवास केला. आत कुणी आजारी, म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल, तर गिअर न पडणं ही फक्त सहलीची अडचण राहत नाही.

नेमकं काय बिघडलंय, ते ओळखायचं कसं?

सूत्र एकच. हातापासून निघालेली हालचाल कुठपर्यंत पोहोचते आणि कुठे थांबते, ते शोधायचं. जिथे ती थांबते, तिथे बिघाड. त्याआधी दांडाच बरंच काही सांगून जातो.

दांडा पूर्ण लुळा आहे, कोणत्याच दिशेला अडत नाही. याचा अर्थ जोड सुटला. पिन पडली, क्लिप निघाली किंवा बुश फुटून दांडी खोबणीतून बाहेर आली.

दांडा खूप डगडगतो, पण शोधत शोधत गिअर पडतो. बुश झिजलेत. आज चालून जाईल, पण ही पुढच्या बिघाडाची सूचना आहे.

दांडा पुढे-मागे नीट जातो, पण डावी-उजवी गल्ली बदलत नाही. म्हणजे काही गिअर मिळतात आणि काही मिळतच नाहीत. निवड करणारा सांधा सुटला आहे किंवा वाकला आहे.

इंजिन बंद असताना सगळे गिअर लोण्यासारखे पडतात, पण इंजिन सुरू केलं की 'कर्रर्र' आवाज येतो. इथे लिंकेजचा दोष नाही. क्लच पूर्ण सुटत नाही. ओम्नीत क्लच वायरवर चालतो, त्यामुळे आधी वायर ताणली गेली आहे का, ते पाहा. ही एक चाचणी न केल्यामुळे अनेकदा भलत्याच भागावर पैसे खर्च होतात.

गिअर पडतो, पण ॲक्सिलेटर सोडला की निसटतो. लिंकेजची जुळणी चुकलेली असू शकते, इंजिनचं माउंटिंग फाटलेलं असू शकतं, किंवा गिअरबॉक्सच्या आत झीज असू शकते. सोप्याकडून अवघडाकडे जायचं, म्हणजे आधी माउंटिंग पाहायचं. ते फाटलं की इंजिन आणि गिअरबॉक्स जागेवरून सरकतात. मग लिंकेज ठणठणीत असूनही गिअर सापडत नाही.

दांडा दगडासारखा अडकलाय, आणि लिंकेज सोडवून गिअरबॉक्सची दांडी थेट हलवली तरी हलत नाही. आता मात्र दुखणं गिअरबॉक्सच्या आत आहे. रस्त्यावर काही करू नका, गाडी टो करा.

खरी तपासणी दोन माणसांची. इंजिन बंद करून, किल्ली काढून घेऊन, एकाने वर बसून दांडा सावकाश हलवायचा आणि दुसऱ्याने टॉर्च घेऊन खाली पाहायचं. दांड्याचं खालचं टोक हलतंय का? पुढची दांडी हलतेय का? तिचं दुसरं टोक? गिअरबॉक्समधून बाहेर आलेली दांडी? अलीकडचा भाग हलतोय आणि पलीकडचा स्वस्थ आहे, असा सांधा सापडला की झालं निदान.

गाडीखाली वाकण्याआधी एवढं कराच

लिंकेज सुटल्यावर सगळ्यात धोकादायक गोष्ट कोणती? गिअरचा दांडा खोटं बोलायला लागतो. तो मध्यावर, न्यूट्रलमध्ये दिसतो. पण गिअरबॉक्स मात्र जोड सुटण्याआधी होता त्याच गिअरमध्ये, पहिल्या किंवा रिव्हर्समध्ये, अडकलेला असू शकतो. अशा वेळी कुणी क्लच न दाबता चावी फिरवली, तर स्टार्टरच्या जोरावर गाडी उडी घेते. जुन्या गाड्यांमध्ये हे रोखणारी सोय नसते. आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी गाडीखाली असतं.

म्हणून खाली वाकणाऱ्याने चावी स्वतःच्या खिशात ठेवायची. यात भिडस्तपणा नको.

गाडी सपाट जागी हवी. हँडब्रेक ओढायचा आणि चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावायचे. ओम्नीचा हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो, त्यामुळे मागची बाजू जॅकवर उचलली की तो असून नसल्यासारखा. तेव्हा पुढच्या चाकांना दगड लागलेच पाहिजेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही. सायलेन्सरचा पाइप थंड होऊ द्यायचा.

कॅम्परवाल्यांसाठी आणखी एक सूचना. रात्री गाडीत झोपताना गाडी गिअरमध्ये ठेवायची सवय चांगली आहे. पण लिंकेज ढिलं असेल, तर दांडा पहिल्या गिअरच्या जागी असूनही आत गिअर पडलेला नसतो. उतारावर झोपायची वेळ आली तर चाकांमागे दगड हवेच.

गाडी जंगलात बंद पडली तर?

चंद्रपूर आणि गडचिरोलीत हा प्रश्न कल्पनेतला नाही. १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग जंगलाचा. चंद्रपूर जिल्ह्यात वाघ फक्त ताडोबाच्या गाभ्यात राहत नाहीत. बफरमध्ये, ब्रह्मपुरीच्या पट्ट्यात, शेताच्या बांधावरही ते दिसतात. गडचिरोलीत २०२१ पासून छत्तीसगडकडून आलेल्या रानटी हत्तींचा वावर आहे.

त्यामुळे दुरुस्तीपेक्षा आधी जागा पाहायची. व्याघ्र प्रकल्पाच्या सफारी मार्गावर गाडीतून उतरायलाच मनाई असते. तिथे गाडी बंद पडली तर आत बसून राहायचं आणि मागून येणाऱ्या गाडीच्या गाइडमार्फत गेटवर निरोप द्यायचा. डांबरी रस्त्यावर, पण दोन्ही बाजूंनी दाट झाडी असेल तर संध्याकाळनंतर आणि पहाटे गाडीखाली आडवं पडायचं नाही. जमिनीवर वाकलेला किंवा आडवा झालेला माणूस वाघ-बिबट्याच्या इलाख्यात जास्त धोक्यात असतो. तेंदूपत्ता आणि मोहफुलं वेचायला जाणाऱ्या इथल्या लोकांना हे कुणी शिकवावं लागत नाही.

चारही इंडिकेटर सुरू ठेवा, मागे त्रिकोण लावा आणि दारं बंद करून आत थांबा. रेंज असेल तर ११२ वर फोन करा. वन विभागाची हेल्पलाइन १९२६ आहे आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ चालतो. रेंज नसेल तर एसटीला हात दाखवा. पुढच्या गावात निरोप पोहोचवायला लाल परीच्या ड्रायव्हर-कंडक्टरइतका भरवशाचा माणूस नाही.

पावसाळ्याचं गणित आणखी वेगळं. भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता बंद होतो. अशा वेळी लुळा दांडा घेऊन पलीकडे अडकलात, तर सुटा भाग मिळायलाही पाणी ओसरायची वाट पाहावी लागेल. डगडगणारा गिअर घेऊन त्या बाजूला न जाणं, हीच पहिली दुरुस्ती.

रस्त्यावर करता येण्यासारखं

दिवस आहे, जागा मोकळी आहे, सोबत माणूस आहे आणि गाडी थंड झालीये. मग बिघाडाप्रमाणे हे उपाय चालतात.

पिन किंवा क्लिप पडली असेल, तर सगळ्यात सोपं. दांडी जागेवर बसवायची आणि भोकातून योग्य जाडीची स्प्लिट पिन घालून तिचे पाय पक्कडीने मागे वाकवायचे. ती नसेल तर त्या भोकात मावणारा बोल्ट आणि नट, तेही नसेल तर बांधकामाची तार दुहेरी पिळून. तारेची टोकं कुठे अडकणार नाहीत, याची खात्री करा.

बुश फुटला असेल, तर दांडी आणि खोबण यांच्यात पोकळी झालेली असते. ती भरायला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळतात आणि वरून केबल टाय किंवा तार आवळतात. ट्यूब गरम सायलेन्सरला लागू देऊ नका. काही किलोमीटरचं काम भागेल, सहल पूर्ण करायचा विचार करू नका.

दांडीलाच चीर गेली किंवा ती मधून मोडली, तर मोडलेल्या हाताला कमट्या बांधतात तसा उपाय. दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या किंवा पाने लावायचे आणि पाइपचे तीन-चार क्लॅम्प आवळायचे. पण ज्या दांडीला पुढे-मागे होण्यासोबत स्वतःभोवती फिरायचंही असतं, तिच्यावर हा उपाय कधीकधी घसरतो. म्हणून प्रत्येक गिअर जोर न लावता पडतोय का, ते गाडी उभी असताना तपासा.

काहीच जमलं नाही तर शेवटचा मार्ग, एकच गिअर घेऊन बाहेर पडायचं. इंजिन बंद ठेवून गिअरबॉक्समधून बाहेर आलेली दांडी हाताने सरकवून दुसऱ्या गिअरमध्ये टाकायची. मग खालून बाहेर यायचं. सगळे बाजूला झाल्यावर मोकळ्या जागेत क्लच पूर्ण दाबून गाडी सुरू करायची आणि क्लच सावकाश सोडत गाडी पुढेच जातेय ना, ते पाहायचं. पुढे पूर्ण प्रवास त्याच गिअरमध्ये. पहिल्या गिअरमध्ये वेग मिळत नाही आणि तिसऱ्यात गाडी जागेवरून उठताना क्लच जळतो, म्हणून दुसरा.

वेग ताशी २०-२५ किलोमीटर, डावी बाजू, सगळे इंडिकेटर सुरू. रिव्हर्स नाही, हे विसरायचं नाही. म्हणजे गाडी अशा जागी घालायचीच नाही, जिथून मागे घ्यावी लागेल. तापमानाच्या काट्यावर नजर हवी. भामरागड ते आलापल्ली साठ-पासष्ट किलोमीटर आहे. या वेगाने तीन तासांची बेगमी. घाटात, पुरात किंवा क्लचच नीट चालत नसेल तर हा प्रयोग नको.

गॅरेजमध्ये पक्की दुरुस्ती कशी करून घ्यायची?

चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस हा कोळसा खाणींचा, वीज केंद्राचा आणि कारखान्यांचा पट्टा. लेथ आणि वेल्डिंगचं काम जाणणारे मिस्त्री इथे सहज सापडतात. दक्षिण गडचिरोलीकडे जाताना अहेरी-आलापल्ली ओलांडलं की पर्याय कमी होत जातात. म्हणून पक्कं काम अलीकडेच उरकावं.

मिस्त्रीला सांगताना 'गिअरबॉक्स बघा' असं सांगू नका. 'लिंकेज तपासा, मग बोलू' असं सांगा. कामाची दिशाच बदलते.

एक बुश गेला असेल तर सगळे बदलून घ्या. ते एकाच वयाचे असतात, बाकीचेही रांगेत उभेच आहेत. काढलेली स्प्लिट पिन पुन्हा वापरू देऊ नका. एकदा वाकवून सरळ केलेली पिन पुन्हा वाकवली की तिथेच मोडते.

बुश मिळत नसेल तर लेथवर पितळेचा बनवून देतो, असं कुणी सुचवेल. तात्पुरतं ठीक आहे. पण मूळ बुश मऊ असतो, तो मुद्दाम. हादरे तो गिळतो आणि झिजायचं तर स्वतः झिजतो. त्याच्या जागी कडक धातू बसवला तर झीज दांडीच्या टोकाला होते, आणि इंजिनची थरथर थेट हातात येते. त्यामुळे पितळ वापरायचंच तर त्याला नियमित ग्रीस लागेल. रबरी बुशला मात्र साधं ग्रीस लावू देऊ नका. त्याने रबर फुगतं. तिथे सिलिकॉनचं ग्रीस हवं.

दांडी वेल्ड करायची असेल तर ती गाडीतून काढून टेबलावर करा. गाडीखालीच वेल्डिंग करायला निघालेल्या मिस्त्रीला थांबवा. जवळच पेट्रोलचे पाइप असतात, अनेक जुन्या व्हॅनमध्ये गॅस किट असतं, आणि कॅम्परमध्ये स्वयंपाकाचा सिलिंडरही असतो. गाडीवरच वेल्डिंग करणं अगदी अटळ असेल तर सिलिंडर बाहेर काढून लांब ठेवा आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा.

शेवटी जुळणी. जिथे दांडीला सरकता क्लॅम्प असतो, तिथे तो सोडण्याआधी जुन्या जागेवर खडूने किंवा रंगाने खूण करून ठेवायची. जोडताना गिअरबॉक्स न्यूट्रलमध्ये, वरचा दांडाही न्यूट्रलमध्ये, आणि मगच क्लॅम्प आवळायचा. हे चुकलं तर तीन गिअर छान पडतात आणि चौथा किंवा रिव्हर्स हुलकावणी देतो. म्हणून गॅरेजमधून निघण्याआधी सगळे गिअर, रिव्हर्ससह, आधी इंजिन बंद ठेवून आणि मग सुरू करून टाकून पाहा. दांड्याखालचं रबरी बूट फाटलं असेल तर तेही बदला. तिकडची लाल धूळ आणि पावसाळ्यातला चिखल आत शिरायचा रस्ता तोच.

निघण्याआधी पाच मिनिटं

लिंकेज एकदम तुटलं असं वाटतं, पण बहुतेक वेळा त्याने आधी सूचना दिलेली असते. पूर्वी दोन बोटं हलणारा दांडा आता चार बोटं हलतो. दुसरा टाकायला गेलं की कधीकधी चौथा पडतो. खड्ड्यात गेल्यावर खालून खडखड येते. यातलं एक जरी लक्षण असेल तर जंगलाकडे निघण्याआधी गाडी रॅम्पवर चढवा.

सोबत ठेवायचं सामान फार नाही. बुशचा एक संच, वेगवेगळ्या जाडीच्या आठ-दहा स्प्लिट पिना, पक्कड, दोन-तीन पाने, पाइपचे क्लॅम्प, तारेचं भेंडोळं, केबल टाय, सायकल ट्यूबचा तुकडा, कपाळावर बांधायचा टॉर्च आणि चाकांना लावायला लाकडाचे दोन ठोकळे. हे सगळं एका कापडी पिशवीत मावतं.

आणि गाडी घरी उभी असतानाच एकदा खाली डोकावून लिंकेजचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. कोणती दांडी कुठून कुठे जाते, पिन कोणत्या बाजूने आत शिरते, क्लॅम्प कुठे आहे. रस्त्यात काही सुटलंच, तर ते मूळ कसं होतं हे तेव्हा आठवत बसायला नको. त्या फोटोंना नेटवर्कही लागत नाही.